मदत हवी आहे: कॅलिफोर्नियातल्या फेडरल न्यायालयांचा जुना इतिहास

नमस्कार मंडळी,

एलएलएमच्या सेमिनारसाठी कॅलिफोर्नियातल्या फेडरल (म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय) न्यायालयांवर टिपण लिहितेय. एका ठिकाणी अडलंय.

सप्टेंबर १८५० मध्ये कॅलिफोर्निया राज्य झालं आणि त्याच महिन्यात अमेरिकन काँग्रेसने तिथे उत्तर व दक्षिण असे दोन न्यायिक जिल्हे पाडले, म्हणजे प्रत्येकासाठी एक फेडरल जिल्हा न्यायालय. १८६६ मध्ये त्यांचा एकच जिल्हा केला, १८८६ मध्ये परत दोन आणि १९६६ मध्ये चार. एवढं कायद्यांवरून सरळ कळतं.

खरी गंमत सुरुवातीच्या वर्षांत आहे. मेक्सिकोच्या अमलातल्या जमिनींच्या सनदा खऱ्या की बनावट, हे तपासायला १८५१ च्या कायद्याने आयोग नेमला. त्याच्या निकालांवरची अपिलं या नव्याकोऱ्या जिल्हा न्यायालयांपुढे आली. उत्तरेत न्यायाधीश ऑग्डेन हॉफमन, १८५१ ते १८९१, सलग चाळीस वर्षं त्याच खुर्चीत! (साधारण त्याच सुमारास आपल्याकडे मुंबई इलाख्यात इनाम कमिशन सनदा तपासत होतं. त्यावरही कधीतरी लिहायचंय.)

आता प्रश्न. १८६६ ते १८८६ या काळात लॉस एंजेलिसकडच्या पक्षकारांना फेडरल खटल्यासाठी सॅन फ्रान्सिस्को गाठावं लागे, की न्यायाधीश दक्षिणेत फिरतीवर जात? आणि मुळात दोनाचा एक जिल्हा का केला? कामाचा भार की खर्च?

जमीन-दाव्यांची कागदपत्रं बर्कलेच्या बँक्रॉफ्ट ग्रंथालयात आहेत. सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या कुणी ती पाहिली आहेत का? पुण्यात बसून स्कॅन मागवायचे तर काय करावं लागेल?