शब्दचर्चा : विश्वासात ‘अढळ’ की ‘टिकून’?

नगरकर : जय ख्रिस्त. पुढच्या महिन्यात भाचीचं दृढीकरण आहे, म्हणजे बाप्तिस्म्यानंतरचा चर्चमधला विधी. तिला बायबल द्यायचंय, पहिल्या पानावर एक ओळ लिहून. ‘विश्वासात अढळ राहा’ असं लिहायला घेतलं आणि हात थांबला. पोरगी सतरा वर्षांची, आता घर सोडून वसतिगृहात राहणार. अढळ म्हटलं की मला ध्रुवबाळच आठवतो, आभाळात एका जागी बसलेला. दुसरा शब्द सुचवाल का?

वसईकर : ताई, शब्द शास्त्रातलाच आहे. १ करिंथ १५:५८ मध्ये, म्हणजे करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, प्रेषित पौल ‘स्थिर व अढळ व्हा’ म्हणतो. ‘स्थिर’साठी मूळ ग्रीक शब्द ‘हेद्रायोस’. ‘हेद्रा’ म्हणजे बसायची जागा, तेव्हा हा ठाण मांडून बसलेला माणूस. ‘अढळ’च्या जागी आहे ‘अमेताकिनेतोस’, जागचा न हलणारा. भाषांतर चोख आहे. मी तरी ‘अढळ’च लिहीन.

पुणेकर : चोख आहे, पण एकट्यानं पुरेसं नाही. ‘अढळ’ म्हणजे न ढळणारा. हेच ‘ढळणे’ लूक २२:३२ मध्ये पाहा. येशू आपल्या शिष्याला, पेत्राला सांगतो, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. आणि लगेच पुढे, तू वळलास म्हणजे तुझ्या भावांना स्थिर कर. वळलास म्हणजे! पेत्र चुकणार हे गृहीत धरूनच ते वाक्य बोललंय. त्याच रात्री कोंबडा आरवायच्या आत पेत्रानं येशूला तीनदा नाकारलं. तरी भावांना स्थिर करायचं काम त्याच्याकडेच राहिलं. मी हे वाचतो तेव्हा मला दरवेळी भरून येतं.

आता ‘टिकून राहणे’. जो शेवटपर्यंत टिकून राहील तो तारला जाईल, मत्तय २४:१३. तिथलं ग्रीक क्रियापद ‘हुपोमेनो’, ‘हुपो’ म्हणजे खाली, ‘मेनो’ म्हणजे राहणे. ओझ्याखाली राहणे, पळून न जाणे. याचंच नाम रोम ५ मध्ये आलंय, तिथं मराठीत ‘धीर’ आहे. आणि ‘माझ्यामध्ये राहा’ या योहान १५ मधल्या वाक्यात नुसता ‘मेनो’.

नगरकर : म्हणजे ‘राहणे’ हाच गाभा? आमची आजी ‘प्रभूला धरून राहा’ म्हणायची. दुष्काळातल्या गोष्टी सांगतानाही तेच, परीक्षेला निघताना पण तेच.

वसईकर : आजींचं बरोबर होतं. मी माझं मत थोडं बदलतो. हिब्रूत विश्वासाला ‘एमुना’ म्हणतात. आपण प्रार्थनेअखेरीस ‘आमेन’ म्हणतो ना, तेही याच धातूचं, पक्कं असणे या अर्थाचं. निर्गम १७ मध्ये हा शब्द चक्क हातांसाठी आलाय. इस्राएलाची अमालेकी टोळ्यांशी लढाई चाललेली, इस्राएलाचा पुढारी मोशे टेकडीवर. त्याचे हात वर असले की इस्राएलाची सरशी, खाली आले की अमालेक्यांची. हात भरून आले, तेव्हा लोकांनी त्याच्याखाली धोंडा ठेवला, तो त्यावर बसला, आणि अहरोन व हूर यांनी एकेका बाजूनं त्याचे हात तोलून धरले. सूर्य मावळेपर्यंत ते हात ‘एमुना’ होते. मराठीत आपण तिथं ‘स्थिर’ म्हणतो, त्यामुळे विश्वासाशी असलेलं नातं दिसत नाही. मोशेचे हात एकट्याच्या बळावर स्थिर नव्हते हो.

पुणेकर : मग ‘दृढीकरण’ हा शब्दही नीट ऐका. दृढ होणे नाही, दृढ करणे. कर्ता दुसरा आहे. १ पेत्र ५:१० मध्ये देव स्वतः दृढ करील असं आहे, आणि ते पत्र पेत्राच्याच नावचं.

नगरकर : लिहिलं. ‘प्रभूला धरून राहा. हात भरून आले तर आम्ही आहोत.’ खाली निर्गम १७:१२. दादा, ‘तोलून धरले’ हे तुमचं क्रियापद मी रविवारी मंडळीतल्या तरुण मुलांपुढे वापरणार आहे, चालेल ना?

वसईकर : खुशाल वापरा.