शब्दचर्चा: ‘बूटलेगर’ म्हणजे हातभट्टीवाला का?

प्रश्न

नमस्कार मंडळी. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात जी दारूबंदी होती, तिच्यावर एका दिवाळी अंकासाठी लेख लिहायला घेतला आहे. माहिती जमली, पण घोडं शब्दांपाशी अडलं. संपादकांचा आग्रह आहे की होता होईल तो मराठी शब्द वापरा. मी पहिल्या खर्ड्यात बूटलेगरला ‘हातभट्टीवाला’, स्पीकईझीला ‘गुत्ता’, गँगस्टरला ‘माफिया’ आणि चोरून पिणाऱ्या जनतेला ‘कायदेभंग करणारे’ असं लिहिलं. वाचून पाहिलं तर सगळं शिकागो सोडून भलतीकडेच गेल्यासारखं वाटतंय. ‘रॅकेट’ तर आपण रोज वापरतो, पण तिथे त्याचा अर्थ तोच होता का? जाणकारांनी मार्ग दाखवावा.

पुण्याहून

ताई, तुम्हाला खटकलं ते बरोबर खटकलं. माझी बरीचशी नोकरी दारूबंदीच्या खटल्यांची कागदपत्रं हाताळण्यात गेली, त्यामुळे हातभट्टी या शब्दाबद्दल थोडं सविस्तर सांगतो.

हातभट्टी म्हणजे ओढ्याकाठी, खाडीच्या कडेला, झाडीत लावलेली भट्टी. काळ्या गुळाचं आणि नवसागराचं ‘रसायन’ पिंपात आंबवायचं, खाली जाळ लावायचा, वाफ थंड करून उतरवायची. पंचनाम्यात ‘कच्चे रसायन जागीच नष्ट केले’ हे वाक्य ठरलेलं. तयार माल गाडीच्या चाकाच्या रबरी ट्यूबमध्ये भरून न्यायचे. म्हणजे हातभट्टीवाला हा मुळात गाळणारा. अमेरिकेत त्याला शब्द होता मूनशायनर, रात्री चांदण्यात डोंगरात दारू गाळणारा. ॲपलाचियन डोंगरातले हे लोक दारूबंदीच्या कितीतरी आधीपासून, अबकारी कर चुकवण्यासाठी, हा धंदा करत होते. तुमच्या लेखात मूनशायनर आले तर ‘हातभट्टीवाले’ बेलाशक लिहा.

बूटलेगर वेगळा. उंच बुटाचा जो भाग नडगीवर येतो तो बूटलेग. त्यात चपटी बाटली खोचून चोरून विकणारा तो बूटलेगर. शब्द एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे, कॅन्सससारख्या आधीच दारूबंदी आलेल्या मुलखातला. १९२० नंतर तो फुगला आणि ट्रक, बोटी, गोदामं बाळगणाऱ्या घाऊक धंदेवाल्यालाही लागू लागला. पण मूळ भाव नेण्याचा आणि विकण्याचा, गाळण्याचा नाही.

आता घोटाळा कुठून आला ते पाहा. आपल्याकडे १९८१ चा जो प्रतिबंधक कायदा आहे, ज्याला सगळे एमपीडीए म्हणतात, त्याच्या इंग्रजी नावात ‘बूटलेगर्स’ आहे आणि मराठी नावात ‘झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले…’ असं आहे. त्यातली व्याख्या गाळणारा, साठवणारा, वाहून नेणारा, विकणारा, शिवाय त्यात पैसा गुंतवणारा अशा सगळ्यांना कवेत घेते. म्हणजे ज्याने जन्मात भट्टी पाहिली नाही असा ट्रकवालाही कायद्याच्या मराठीत हातभट्टीवालाच. कायद्यापुरतं ते चालतं, कारण व्याख्या खाली दिलेली असते. लेखाच्या वाचकासमोर व्याख्या नसते, त्याच्या डोळ्यांपुढे ओढ्याकाठची भट्टीच उभी राहते.

सावंतवाडीहून

आमच्याकडे रोजच्या बातमीत ‘गोवा बनावटीच्या दारूची वाहतूक’ असते. बंदी नाही, नुसता कराचा फरक, तरी टेम्पोच्या हौद्यात चोरकप्पे करून माल जातो. पकडला जाणारा ‘चालक’ किंवा ‘तस्कर’. कोणी त्याला हातभट्टीवाला म्हणत नाही. अमेरिकेच्या किनाऱ्यावर जहाजांतून उतरणाऱ्या मालासाठी ‘दारूतस्कर’ हा शब्द मला चपखल वाटतो.

न्यू जर्सीहून

सावंतवाडीकरांना अनुमोदन. आमच्या न्यू जर्सीच्या आणि लाँग आयलंडच्या समोर समुद्रात ‘रम रो’ होती. परदेशी निशाणाची जहाजं किनाऱ्यापासून ३ मैलांच्या हद्दीबाहेर नांगर टाकून उभी राहायची आणि रात्री वेगवान होड्या जाऊन पेट्या उतरवून आणायच्या. १९२४ मध्ये ब्रिटनशी करार होऊन ही हद्द किनाऱ्यापासून तासाभराच्या सफरीइतकी झाली, म्हणजे साधारण १२ मैल. जहाजवाले बूटलेगर नव्हेत, ते रम-रनर. त्यांना दारूतस्कर म्हणावं.

स्पीकईझीला ‘गुत्ता’ मात्र अजिबात नको. गुत्ता म्हणजे मक्ता. मराठवाड्यात आजही कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात. दारूचा गुत्ता म्हणजे सरकारकडून मक्ता घेऊन चालवलेलं दुकान, म्हणजे कायदेशीर. स्पीकईझी नेमकी उलटी: दारावर झडप, ओळखीचा माणूस किंवा परवलीचा शब्द, आत हळू बोला. शब्द १८८० च्या दशकात पेन्सिल्व्हेनियातल्या वर्तमानपत्रांत दिसतो, तेव्हा तिथे परवान्याचं शुल्क भारी वाढवलं होतं आणि परवाना नसलेल्या जागा निघाल्या होत्या. मराठीत ‘चोरटा अड्डा’ किंवा नुसतं ‘अड्डा’ म्हणा. मुंबईत दारूबंदीच्या काळात घराघरांत चालणाऱ्या ‘आंटीच्या अड्ड्यां’मुळे वाचकाला चित्र लगेच कळेल. फरक एवढाच की न्यूयॉर्कच्या स्पीकईझींमध्ये बायका आणि पुरुष एकत्र बसून पिऊ लागले, जे जुन्या सलूनमध्ये, म्हणजे तिथल्या दारूच्या पिठ्यात, सहसा होत नसे.

आणि सलूनवरून: ‘अँटी-सलून लीग’चं भाषांतर करू नका. मराठीत सलून म्हणजे केस कापायचं दुकान. नाव तसंच ठेवून पहिल्यांदा ‘दारूच्या पिठ्यांविरुद्धची संघटना’ असं फोडून सांगा. पिठा हा सलूनला जवळचा शब्द आहे.

पुण्याहून

‘दारूबंदी’ या शब्दाबद्दलही सांगायला हवं, कारण बाकीचे सगळे शब्द त्याच्यावर उभे आहेत.

आपल्या १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात पिणं हाही गुन्हा आहे. प्यायचं तर परमिट लागतं, म्हणून तर ‘परमिट रूम’ हा शब्द आला आणि बंदी सैल झाल्यावरही पाट्यांवर राहिला. अमेरिकेतली १८ वी घटनादुरुस्ती आणि तिच्यामागून आलेला व्होलस्टेड कायदा यांनी दारू बनवणं, विकणं, नेणं-आणणं, आयात-निर्यात करणं यांवर बंदी घातली. पिण्यावर नाही. १७ जानेवारी १९२० च्या आधी विकत घेऊन घरात साठवलेली दारू घरी बसून पिणं पूर्ण कायदेशीर होतं. ऐपतवाल्यांनी तळघरं भरून ठेवली. शिवाय डॉक्टरच्या चिठ्ठीवर व्हिस्की मिळे, चर्चच्या आणि ज्यूंच्या धर्मविधींना वाइन मिळे.

त्यामुळे ‘अमेरिकेत दारू पिण्यास बंदी होती’ हे वाक्य मराठीत सर्रास येतं आणि ते साफ चूक आहे. तुमच्या लेखात ते येऊ देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. ज्याच्याकडे पैसा आणि तळघर होतं त्याला हा कायदा फारसा शिवलाच नाही. रोजची बीअर रोज विकत घेणाऱ्या कामगाराला शिवला. व्होलस्टेड कायद्याने अर्धा टक्क्याहून जास्त मद्यार्क असलेलं सगळं ‘मादक’ ठरवलं, म्हणजे बीअरही गेली. आपण बोलताना बंदी म्हणजे सगळ्यांना सारखी असं गृहीत धरतो, इथे तसं नव्हतं.

प्रश्नकर्ती

काका, हे फार मोलाचं. पिण्याबद्दलचं वाक्य माझ्या खर्ड्यात पहिल्याच परिच्छेदात होतं, काढते. मग चोरट्या अड्ड्यावर पिणाऱ्याला ‘स्कॉफलॉ’ का म्हणायचे? आणि त्याला मराठी काय?

न्यू जर्सीहून

स्कॉफलॉ हा ठरवून बनवलेला शब्द: ‘स्कॉफ’ म्हणजे खिल्ली उडवणं, ‘लॉ’ म्हणजे कायदा. मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सीचे डेल्सेव्हेअर किंग हे दारूबंदीचे कट्टर पुरस्कर्ते. बेकायदा दारू पिणाऱ्याला लाज वाटेल असा शब्द सुचवा, २०० डॉलर देतो, अशी स्पर्धा त्यांनी लावली. २५ हजारांहून जास्त सूचना आल्या. जानेवारी १९२४ मध्ये निकाल लागला: दोघांनी वेगवेगळा पाठवलेला ‘स्कॉफलॉ’, बक्षीस वाटून. लाज कोणाला वाटली नाही. त्याच महिन्यात पॅरिसमधल्या एका अमेरिकन बारने स्कॉफलॉ नावाचं कॉकटेल काढलं. पुढे हा शब्द दारूपासून सुटला आणि वाहतुकीचे दंड न भरणाऱ्यांना चिकटला.

मराठीत शब्द नाही, वाक्प्रचार आहे: ‘कायदा धाब्यावर बसवणारा’. थट्टा, बेफिकिरी, उघडउघडपणा, सगळं त्यात आहे.

पुण्याहून

‘कायदेभंग’ मात्र नको, आणि कारण काळाचं आहे. १९३० साली आपल्याकडे सविनय कायदेभंग सुरू झाला तेव्हा खादी नेसलेल्या बायका दारूच्या दुकानांपुढे पिकेटिंग करत उभ्या होत्या आणि तुरुंगात जात होत्या. त्याच वर्षी शिकागोत कायदा मोडणारा दारू विकत होता. आपल्याकडे दारू विकणं कायदेशीर आणि ती अडवणं बेकायदा. तिकडे नेमकं उलट. मराठी मनात कायदेभंग या शब्दाला त्या बायकांनी जी प्रतिष्ठा मिळवून दिली आहे, ती स्पीकईझीतल्या गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवू नये.

नागपूरहून

‘माफिया’बद्दल कोणीच बोललं नाही, आणि मला सगळ्यात जास्त तोच खुपतोय.

आज आपण वाळू माफिया, टँकर माफिया म्हणतो, त्यामुळे तो शब्द हातात पटकन येतो. पण १९२० च्या दशकात अमेरिकन वर्तमानपत्रं गँग, सिंडिकेट, मॉब म्हणत. माफिया हा शब्द तिथे घरोघरी पोचला तो १९५०–५१ मध्ये, सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीच्या सुनावण्या दूरचित्रवाणीवर दिसल्यामुळे. त्याहून मोठी अडचण म्हणजे माफिया म्हटलं की गुन्हेगार इटालियन हे आपोआप गृहीत धरलं जातं. दारूबंदी ज्या भयावर स्वार होऊन आली तेच हे भय.

थोडं मागे जाऊ. पहिल्या महायुद्धात अमेरिका जर्मनीविरुद्ध उतरली तेव्हा मोठे बीअरवाले होते पॅब्स्ट, श्लिट्झ, बुश, सगळी जर्मन नावं. अँटी-सलून लीगने बीअर पिणं म्हणजे शत्रूला हात देणं असा प्रचार केला. युद्ध संपलं, १९१९–२० मध्ये कम्युनिस्टांचं भय आलं, ॲटर्नी जनरल (सरकारचे मुख्य कायदा अधिकारी) पामर यांच्या धाडींत हजारो स्थलांतरित पकडले गेले. १९२४ मध्ये दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांचे कोटे आवळणारा कायदा झाला. त्याच कायद्याने आशियातून येणाऱ्यांना जवळजवळ दार बंद केलं. आणि मधल्या काळात कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्चस्ववादी संघटनेने दारूबंदीची राखण आपल्या अंगावर घेतली. इलिनॉयच्या विल्यमसन काउंटीत १९२३–२४ च्या हिवाळ्यात क्लॅनच्या लोकांनी इटालियन खाणकामगारांच्या घरांत घुसून धाडी घातल्या. जेवणासोबत वाइन घेणारं घर म्हणजे गुन्हेगाराचं घर, असा त्यांचा हिशेब.

उलट बाजू बघा. सिएटलमध्ये ज्याला बूटलेगरांचा राजा म्हणत तो रॉय ओल्मस्टेड हा नेब्रास्कात जन्मलेला माणूस, सिएटल पोलिसात लेफ्टनंट होता. १९२० मध्ये माल उतरवताना पकडला गेला, नोकरी गेली, मग पूर्णवेळ त्याच धंद्यात शिरला. कॅनडातून दारू आणायची, व्यवस्थित हिशेब ठेवायचे, साथीदारांना बंदूक बाळगू द्यायची नाही. सरकारी माणसांनी त्याच्या टेलिफोनच्या तारांवर कान ठेवून पुरावा गोळा केला आणि १९२८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो ग्राह्य धरला. न्यायमूर्ती ब्रँडाइस यांचं त्यातलं विरोधी मत खासगीपणाच्या हक्काच्या चर्चेत आजही निघतं. डेट्रॉइटची पर्पल गँग ज्यू तरुणांची, शिकागोच्या उत्तर भागातला टोळीप्रमुख डीन ओ’बॅनियन आयरिश वंशाचा. शिकागोचा सगळ्यात गाजलेला टोळीप्रमुख अल कपोन स्वतः न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जन्मलेला, आईबाप नेपल्सकडचे. या सगळ्यांना एकाच ‘माफिया’त कोंबलं तर क्लॅनचा हिशेब आपण मराठीत बरोबर ठरवतो.

‘टोळी’, ‘टोळीवाला’, ‘टोळीचा म्होरक्या’, ‘टोळीयुद्ध’ हे आपले शब्द भक्कम आहेत. १४ फेब्रुवारी १९२९ ला शिकागोच्या नॉर्थ क्लार्क स्ट्रीटवरच्या गॅरेजात ७ जणांना भिंतीशी उभं करून मारलं, त्याला टोळीयुद्ध याहून योग्य शब्द नाही.

पुण्याहून

नागपूरकर, पूर्ण सहमत. रॅकेटचं राहिलं, ते थोडक्यात. आपल्या बातमीत रॅकेट म्हणजे जाळं किंवा टोळी: ‘किडनी रॅकेट उघडकीस’. शिकागोत रॅकेट म्हणजे ती पद्धत. धुलाई-रंगाईच्या दुकानदारांना ‘संघटनेत’ यायला लावायचं, वर्गणी घ्यायची, नाही म्हणणाऱ्याच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर ॲसिड पडायचं. ‘रॅकेटियरिंग’ हा शब्द १९२७ मध्ये शिकागोच्या मालक-संघटनेने रूढ केला, तोही कामगार संघटनांवर आरोप करताना, हे ध्यानात ठेवा. ताई, तुमच्या लेखात रॅकेटला ‘खंडणी’ लिहा आणि पोलिसांना पोचणाऱ्या पैशाला ‘हप्ता’.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. एक शेवटचा अडला शब्द: ‘जेक लेग’. शब्दशः काहीच होत नाही.

न्यू जर्सीहून

तिथे शब्द शोधू नका, घटना सांगा. जेक म्हणजे जमैका जिंजर, आल्याचा अर्क, औषधाच्या दुकानात मिळणारा. मद्यार्क भरपूर, म्हणून गरीब माणसं तो पीत. तो पिण्याजोगा राहू नये म्हणून त्यात घन अर्काचं प्रमाण सरकारने ठरवून दिलं होतं. तपासणीला चकवण्यासाठी बॉस्टनच्या दोघा उत्पादकांनी १९३० मध्ये त्यात प्लास्टिकच्या धंद्यातलं एक रसायन मिसळलं. ते मज्जातंतू मारतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. दक्षिणेत आणि मध्य-पश्चिमेत हजारो लोकांची पावलं लुळी पडली. पाऊल उचललं की पुढचा भाग लोंबायचा आणि जमिनीवर फटकन आपटायचा. रस्त्यावर चाल बघूनच माणूस ओळखू यायचा. आधी पूर्ण वाक्यात ‘जेक पिऊन लुळे पडलेले’ असं लिहा, मग पुढे नुसतं ‘जेक’ चालेल. ‘विषारी दारू’ म्हणू नका. मराठी वाचक त्यावरून एका रात्रीत झालेले मृत्यू समजेल, आणि यातले बहुतेक जण त्याच पायांनी पुढची कित्येक वर्षं जगले.