एमजीबी गाड्या आज किती उरल्या असतील?

प्रश्न: इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यातून 1962 ते 1980 या काळात एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. त्यांपैकी आज शिल्लक असलेल्यांचा विश्वासार्ह अंदाज कसा बांधावा?

उत्तर 1: ब्रिटनपुरते पाहायचे असल्यास तेथील सरकारी वाहननोंदणीपासून सुरुवात करावी, मात्र चालू गाड्यांमध्ये मालकाने ‘रस्त्याबाहेर’ (म्हणजे सध्या रस्त्यावर चालवत नसलेली) म्हणून घोषित केलेल्या गाड्याही मिळवाव्यात. ही घोषणा 1998 पासून लागू झाली, त्यामुळे त्याआधीच कर भरणे थांबवून शेडमध्ये ठेवलेल्या गाड्या कोणत्याच रकान्यात सापडत नाहीत.

उत्तर 2: खरी अडचण अमेरिकेची आहे, कारण बहुसंख्य गाड्या तिकडे निर्यात झाल्या आणि तेथे प्रत्येक राज्याची नोंदणी स्वतंत्र असते. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत पत्रा टिकतो, तर हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या उत्तरेकडील राज्यांत तो लवकर गंजतो. म्हणून एका राज्याचे प्रमाण साऱ्या देशाला लावणे मला मुळीच मान्य नाही.

उत्तर 3: 1988 पासून या गाडीचा संपूर्ण नवा सांगाडा मिळू लागला. त्यावर जुने भाग चढवून उभी केलेली गाडी मोजावी, पण वेगळ्या रकान्यात.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. ब्रिटनचा आकडा आधी काढतो.