मदत हवी आहे : नखं कापल्यावर उडालेले तुकडे गोळा कसे करता?

गिरणाकाठ (जळगाव)
दर रविवारी तेच. खाली पेपर अंथरते, तरी निम्मे तुकडे पेपरच्या बाहेर. झाडूनं ओढले की फरशीच्या फटीत जाऊन बसतात. आज पुन्हा एक तळपायात घुसला. पेपर, सतरंजी, ताट सांगू नका, सगळं करून झालंय. पक्का उपाय सांगा.

फैजपूरकर
हाताची की पायाची? कुठे बसून कापता?

कपाशीवाला
बाथरूममध्ये कापा, वरून तांब्याभर पाणी ओता. मी पंधरा वर्षं तेच करतोय.

गिरणाकाठ
पायाची. बाथरूममध्ये जमणार नाही.

फैजपूरकर
का नाही जमणार? नीट सांगा ना ताई.

सातपुडा_पायथा
संध्याकाळी तर कापत नाही ना? आमची आजी दिवेलागणीनंतर कटरला हात लावू द्यायची नाही. चिमणीच्या उजेडात तुकडे दिसायचे नाहीत, म्हणून तो नियम.

गिरणाकाठ
माझी नाहीत, सासऱ्यांची. ते खाटेवरून उठू शकत नाहीत. घरात दहा महिन्यांचा मुलगा रांगतो. परवा त्याच्या तोंडातून तुकडा काढला, तेव्हापासून जिवाला घोर लागलाय.

अमळनेर_माहेर
आमना घर आजीना पाय भिजाडीसन मंग नखं कापतस. कोरडं नख कडक असतं, कटरचा दाब बसला की तडकून उडतं. पाणी प्यायलेलं नख मऊ पडतं, जागच्या जागी गळतं. दहा मिनिटं गरम पाण्यात पाय ठेवा.

परिचारिका_धुळे
थांबा. सासऱ्यांना शुगर आहे का?

गिरणाकाठ
हो, बारा वर्षांपासून.

परिचारिका_धुळे
मग गरम पाणी अजिबात नको. पायाची जाणीव कमी झालेली असते, भाजलं तरी कळत नाही. पाय भिजत ठेवूच नका. अंघोळ घातल्यावर नखं तशीही मऊ असतात. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा आणि मगच कापा. नख सरळ रेषेत कापा, कोपरे कोरू नका.

कपाशीवाला
माझ्या आईलाही शुगर आहे. रोज गरम पाण्यात पाय ठेवते, काही झालं नाही.

परिचारिका_धुळे
आजवर झालं नाही एवढंच, दादा. न भरणाऱ्या जखमा मी ड्रेसिंग टेबलवर बघते.

नवी_आई_नंदुरबार
बाळाची नखं कशानं कापावी? माझी लेक झोपेतच कापू देते.

भुसावळ_४५
ताई, खोलीत कूलर कुठे आहे?

गिरणाकाठ
खिडकीत, खाटेच्या समोर. मे महिन्यात बंद कसा ठेवणार?

भुसावळ_४५
तुकडे तोच उडवतोय. पाच मिनिटं बंद करा. पायाखाली ओला पिळलेला टॉवेल घाला, तुकडा पडला की चिकटतो. कटरच्या दोन्ही बाजूंच्या फटींवर चिकटपट्टी लावा, बरेचसे आतच राहतात. एका दमात अख्खं नख कापू नका, तीन-चार चिमट्यांत काढा.

सातपुडा_पायथा
कूलरला वाळ्याचे पडदे लावलेत की गवताचे? आमच्याकडे यंदा वाळा मिळालाच नाही.

फैजपूरकर
शेवटी मोबाईलचा टॉर्च फरशीवर आडवा धरा. एवढ्याशा तुकड्याचीही लांब सावली पडते. फटीतला कणकेच्या गोळ्यानं टिपा, काच फुटल्यावर टिपतो तसा.

गिरणाकाठ
आज केलं. अंघोळ, कूलर बंद, ओला टॉवेल, पट्टी. सगळे तुकडे टॉवेलवर आणि कटरात. टॉर्च लावल्यावर खाटेच्या पायाशी एकच सापडला. कणकेचा गोळा लगेच फेकला, मुलगा त्याच्याकडेच निघाला होता. पण डाव्या अंगठ्याचं नख पिवळं आणि इतकं जाड झालंय की कटरच्या तोंडात बसत नाही. मोठी कात्री चालेल?

परिचारिका_धुळे
नाही. त्याला हात लावू नका, डॉक्टरांना दाखवा. उद्याच.