एचआयव्ही प्रतिबंधाच्या नव्या साधनांसाठी सरकारी पैसा: एका मुद्द्यावर अडलेय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एचआयव्हीसोबत जगणाऱ्या बायकांच्या गटाबरोबर मी काम करते. नव्या प्रतिबंधक साधनांच्या संशोधनाला सरकारने पैसा द्यावा, असं निवेदन आम्ही लोकप्रतिनिधींना देणार आहोत. लिहायचं काम माझ्याकडे आलंय.

बैठकीत एकीने विचारलं, "लेनाकॅपाविर कंपनीनेच काढलं ना? मग सरकार कशाला?" प्रश्न रास्त आहे. सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं हे इंजेक्शन. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते मिळालेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही, हे २०२४ मध्ये जाहीर झालं. चाचणी कंपनीचीच होती. मला उत्तर देता आलं नाही.

माझ्याकडे दुसरी उदाहरणं आहेत. डॅपिविरिन या औषधाची रिंग बाई स्वतः योनीत बसवते, ती महिनाभर राहते. कंडोमला नवऱ्याची तयारी लागते, रिंगला लागत नाही. आमच्या गटातल्या कितीतरी जणींना लागण नवऱ्याकडूनच झाली, म्हणून मला ही रिंग इतकी मोलाची वाटते. संरक्षण अर्धवट, तीस टक्क्यांच्या आसपास, तरी २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. तिच्या चाचण्यांमागे सरकारी पैसा होता.

योनीत लावायच्या टेनोफोविर या औषधाच्या जेलचं मात्र काय करू? २०१० मध्ये ८८९ जणींच्या चाचणीत लागण ३९ टक्क्यांनी कमी दिसली. खर्च अमेरिका आणि दक्षिण आफ्रिकेच्या सरकारांचा. २०१५ मध्ये मोठ्या चाचणीत जेल निष्प्रभ ठरलं. हे निवेदनात ठेवू की गाळू?

प्रतिसाद १

ताई, गाळू नका. फसण्याची शक्यता असलेला खर्च कंपन्या सहसा टाळतात, तुमचा मुद्दा तोच तर आहे.

लेनाकॅपाविर विषाणूच्या कॅप्सिडवर, म्हणजे जनुकीय द्रव्याभोवतीच्या प्रथिनांच्या कवचावर काम करतं. ते कवच कसं रचलं जातं, हे यूटा विद्यापीठात वेस्ली संडक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं खपून उलगडलं. त्या कामाला अमेरिकी सरकारच्या एनआयएच या आरोग्य-संशोधन संस्थेचं अनुदान होतं. औषध कंपनीचं, पण नेम कुठे धरायचा ते या संशोधनातून कळलं.

धागालेखिका

मनापासून आभार, हेच हवं होतं! आजच लिहून टाकते. एक पोटप्रश्न: संशोधनात सरकारी पैसा असेल, तर औषधाच्या किमतीबद्दल अट घालता येते का? तसा करार कुणी पाहिलाय का?