मदत हवी आहे: 'ऑल्टर बॉईज' ११ वर्षांच्या मुलीला दाखवावं का?

नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथल्या हौशी कलाकारांनी 'ऑल्टर बॉईज' बसवलंय. न्यूयॉर्कला ऑफ-ब्रॉडवेवर (म्हणजे ब्रॉडवेपेक्षा लहान व्यावसायिक नाट्यगृहांत) २००५ ते २०१० चाललेलं, दोन हजारांवर प्रयोग झालेलं हे संगीत नाटक. मॅथ्यू, मार्क, ल्यूक, हुआन आणि त्यांच्यातला एकटा ज्यू अब्राहम, अशा पाच पोरांचा भक्तिगीतं गाणारा पॉप बँड. प्रेक्षकांतले किती आत्मे अजून पापाच्या ओझ्याखाली आहेत, ते मोजणारं यंत्रही त्यांच्याकडे असतं! दीड तासाचा मामला, मध्यंतर नाही.

लेक नाचगाण्याची वेडी आहे, तिला आवडणारच. पण मॅथ्यूचं लग्नाआधी संयम पाळण्याबद्दलचं गाणं आहे, मार्कचं मॅथ्यूवर मन असल्याचे इशारे आहेत, ल्यूकच्या दारूचाही उल्लेख येतो. दोन मुलांमधलं प्रेम आम्ही तिला समजावून सांगू, त्याची काळजी नाही. दुहेरी अर्थाचे विनोद कितपत आहेत, हे कळायला हवं.

खरी चिंता वेगळीच आहे. सोबत तिची जिवलग मैत्रीण येणार आहे. तिच्या घरचे कॅथलिक, दर रविवारी चर्चला जाणारे. कन्फेशनवरही (पाद्र्यापुढे पापांची कबुली देण्यावर) विनोद आहेत म्हणे. थट्टा मायेची आहे की श्रद्धेला लागणारी? दुसऱ्याच्या लेकराला नेताना आईवडिलांना आधी सगळं खरं सांगायलाच हवं, असं मला वाटतं.

कुणी मुलांना घेऊन पाहिलंय का? पुण्याहून आलेल्या सासूबाईही येणार आहेत. शुक्रवारपर्यंत तिकिटं काढायची आहेत, कृपया जरूर कळवा.