केळ्याचं कौतुक पुरे करा

गोदाकाठ: काल इथे कुणीतरी लिहिलं, इटालियन कलाकार मॉरिझियो कॅटलानचं भिंतीला चिकटपट्टीने लावलेलं केळं ज्यांना भिडत नाही त्यांनी नजर तपासून घ्यावी. घेतली. जवळचा नंबर वाढलाय, केळं केळंच दिसतंय. तीस वर्षं पहाटे रामकुंडावर जलरंग घेऊन बसतोय. ओल्या पायरीवरचा उजेड एकदा साधेपर्यंत दहा कागद वाया जातात. आणि २०१९ला मायामीत १ लाख २० हजार डॉलरला गेलेलं केळं २०२४ला न्यूयॉर्कच्या लिलावात ६२ लाख डॉलर! आपले ५२ कोटी!!

रेघोट्या: तो 'कुणीतरी' मीच. काका, विकलं ते केळं नव्हे. प्रमाणपत्र आणि ते कसं लावायचं याच्या सूचना. सडलं की नवं लावायचं. घेणाऱ्याने हाँगकाँगला चारचौघांत खाल्लंसुद्धा. फ्रेंच कलाकार ड्युशाँने १९१७ला मुतारीचं भांडं कलाप्रदर्शनाला पाठवलं तेव्हाही लोक बिथरले होते. आणि आपले अमूर्त चित्रकार गायतोंडे तरी कुठे 'कळतात'?

गोदाकाठ: गायतोंड्यांना मध्ये आणू नका. त्यांच्या एका पिवळ्या कॅनव्हाससमोर पाऊण तास उभा राहिलो, परतीची गाडी चुकली. काही कळलं नाही, कबूल. पण रोलर फिरवून, सुरीने खरवडून चढवलेले थर दिसत होते. माणूस राबला होता हो!

निफाडची माती: राबण्याचंच बोलताय तर ऐका. ते केळं लिलावाच्या दिवशी रस्त्यावरच्या गाडीवरून ३५ सेंटला घेतलं. विकणारा म्हातारा आकडा ऐकून रडला म्हणे. त्याच्यावर एक ओळ नाही तुमची. डिसेंबर २०२३ला कांद्याची निर्यातबंदी आली त्या आठवड्यात आमचा ट्रॅक्टर बाजार समितीत उभा होता. हमाली, तोलाई, भाडं जाऊन जे उरलं त्यात डिझेलही सुटलं नाही. वडिलांनी ती हिशोबाची पट्टी (विक्रीची पावती) घरी आणून भिंतीला डकवली. अजून तिथेच आहे.

सिडकोवाला: आणि आम्ही ऐंशी रुपये किलोने घेतो तेव्हा? तेव्हा कुठे असते पट्टी?

निफाडची माती: ते ऐंशी आमच्या खिशात येतात असं वाटतं का? एकदा पहाटे चारला या, गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, निवडायला बसवतो.

सिडकोवाला: धागा केळ्याचा आहे, कांद्याचा नाही.

रेघोट्या: थांबा जरा. हिशोबाचा कागद, भिंत, चिकटपट्टी. अहो, हेच तर ते आहे! तुमच्या वडिलांनी कॅटलानच केलाय.

निफाडची माती: आमच्या वडिलांच्या पोटावरच्या लाथेला कॅटलान म्हणू नका. शहरातून बसून सुचतं हे. दोन वर्षं आई तिथून जाताना मान वळवते.

रेघोट्या: चुकलं माझं. पण मान वळवते, हे केळ्यासमोर कुणी केलं नाही.

गोदाकाठ: बघा, केळ्यापेक्षा पट्टी सरस, हे तुम्हीच म्हणालात. माझं काम झालं. (ती पट्टी बघायला मात्र येईन म्हणतो.)

निफाडची माती: या. चिकटपट्टी वाळून एक कोपरा सुटला होता. काल वडिलांनी नवी लावली, कुणाला न सांगता.